सीमाभागातील खाद्यनामे (बेळगाव परिसर)

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या कर्नाटकातील पट्ट्यात मराठी भाषकांच्या तोंडी असलेली रोजच्या पदार्थांची नावे. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत मुंबई राज्यातला हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. पदार्थांची नावे त्या रेषेच्या कितीतरी आधीची, त्यामुळे ती रेषा पाळत नाहीत. मराठी-कानडी ही भाषेची सीमाही ती बेताचीच पाळतात. चुलीपुढची बेळगावी मराठी पुण्यापेक्षा धारवाडला जवळची वाटते आणि धारवाडची कानडीही या बाबतीत बंगळूरपेक्षा बेळगावशीच जुळते.

पुण्याचा पाहुणा येथे पहिल्यांदा अडखळतो तो 'पोळी'पाशी. त्याच्या घरी रोज होते ती पोळी. येथे तिला चपाती म्हणतात. पोळी म्हटली की पुरणाचीच, म्हणजे सण असला पाहिजे. कानडी शेजाऱ्याच्या घरी तीच 'होळिगे' आणि तिच्यातले पुरण 'हूरण'. जुन्या कन्नडातला शब्दारंभीचा 'प' पुढे 'ह' झाला, हे ध्यानात घेतले की दोन्ही घरांचे ताट एकच दिसू लागते. डाळीवरून काढलेल्या पाण्याची कटाची आमटी कानडीत 'कट्टिन सारु' होते. निपाणीकडे, कोल्हापूरच्या वळणाने, त्या पाण्याला 'येळवणी' म्हणतात. (कोल्हापुरी मिसळीवरचा तिखटजाळ 'कट' वेगळा, पाहुण्याने गल्लत करू नये.) पुरण भरलेल्या करंजीसारख्या पदार्थाला दोन्ही भाषांत कडबू हेच नाव आहे.

सकाळच्या नाश्त्याला मुंबईकर 'उपमा' मागतो, बेळगावात 'उप्पीट' मिळते. हा शब्द सरळ कन्नड: उप्पु म्हणजे मीठ, हिट्टु म्हणजे पीठ. कोल्हापूर-सोलापूरपर्यंत तोच चालतो, आणि 'उपमा'पेक्षा तो तोंडात भरतो हे कबूल करावे लागेल. मुंबईचे कुरमुरे, विदर्भाचे मुरमुरे येथे 'चुरमुरे' होतात; कानडीत 'चुरमुरी'. देवघेव एकतर्फी नाही. भुईमुगाला उत्तर कर्नाटकात 'शेंगा' आणि बटाट्याला 'बटाटी' म्हणतात, तर बंगळूरकडे हेच 'कडलेकाई' आणि 'आलूगड्डे'. आल्याचेही तसेच: उत्तरेत 'अल्ल', दक्षिणेत 'शुंठी'. ढोबळी मिरची येथे, सांगली-कोल्हापूरप्रमाणेच, 'ढब्बू'.

या भागाची खरी खूण मात्र 'जवारी' हा शब्द. जवारी म्हणजे देशी, संकरित नव्हे असे: जवारी कोंबडी, जवारी काकडी, जवारी लसूण. मुंबई-कोकणात 'गावठी', पुण्यापासून विदर्भापर्यंत 'गावरान' म्हणतात तेच हे, कानडीतही 'जवारी'च. बाहेरच्या माणसाने पाटीवर 'जवारी कोंबडी' वाचून ती ज्वारी खाऊन वाढली असावी असे समजणे स्वाभाविक आहे. येथे ज्वारीला मुळी जोंधळा म्हणतात, रब्बीतल्या ज्वारीला शाळू, आणि कानडीत जोळ. असाच चकवा 'चटणी'चा. निपाणी-चिकोडीच्या घरांत भाजीत चटणी घाल म्हटले तर हात जातो तो वर्षभरासाठी कुटून ठेवलेल्या लाल तिखटाच्या बरणीकडे. हुक्केरी तालुक्यातले संकेश्वर मिरचीसाठी नावाजलेले, त्यामुळे हे साहजिकच.

पश्चिमेला खानापूरच्या डोंगरपट्ट्यात भात आणि नाचणी पिकते, तेथे शब्दही कोकणाकडे झुकतात. पूर्वेला अथणी-गोकाककडे जोंधळ्याचा मुलूख लागतो. तिकडच्या कानडीत मऊ भाकरीला 'बक्री' आणि वाळवून ठेवलेल्या कडक भाकरीला 'रोट्टी' असा भेद करतात. मराठी घरांत दोन्ही भाकरीच, दुसरी फार तर 'कडक भाकरी'.

गोडाच्या नावांना भाषांतर लागत नाही. दूध आटवून केलेला बेळगावचा कुंदा दोन्ही भाषांत कुंदाच. गोकाकचे करदंट कानडीतून आले, 'करिद' म्हणजे तळलेला आणि 'अंटु' म्हणजे डिंक. मराठीने त्याला डिंकाचा लाडू म्हणायचा प्रयत्न केला नाही. उपड्या भांड्यावर भाजलेले पातळ मांडे हा बेळगावचा लग्नकार्यातला मान. कानडीत त्यांना 'मंडिगे' म्हणतात. मराठी माणूस मनातले मांडे खातो, तसा कानडी माणूसही मनातल्या मनात मंडिगेच खातो.