जुन्या आउटलुकची पीएसटी फाईल नव्या संगणकावर: पार्श्वभूमी

डायल-अपच्या काळात सर्व्हरवरची टपालपेटी जेमतेम काही एमबींची असे. त्यामुळे पॉप पद्धतीने मेल संगणकावर उतरवायचा आणि सर्व्हरवरून पुसून टाकायचा, हाच रिवाज होता. परिणामी अनेक छोट्या कार्यालयांचा त्या वर्षांतला सगळा पत्रव्यवहार एकाच पीएसटी फाईलमध्ये, म्हणजे आउटलुक या मायक्रोसॉफ्टच्या मेल-प्रोग्रामच्या साठवणीच्या फाईलमध्ये, साठला. शिवाय विंडोज एक्सपीवर ही फाईल वापरकर्त्याच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये असे. संगणक बदलताना ‘माय डॉक्युमेंट्स’ तेवढे उचलले जाई आणि पीएसटी मागेच राही. आउटलुक २०१० पासून नव्या फायली डॉक्युमेंट्समध्ये तयार होऊ लागल्या.

खरा गुंता मात्र २००३ सालच्या एका निर्णयात आहे. आउटलुक ९७ ते २००२ पर्यंतच्या पीएसटीला २ जीबीची मर्यादा होती. ती ओलांडली की फाईल उघडेनाशी होई. त्यावर निर्मात्या कंपनीने दिलेले अवजार फाईलचा शेवटचा भाग छाटून टाकत असे. म्हणजे काही मेल गमावल्याशिवाय बाकीचे हाती लागत नसत. आउटलुक २००३ मध्ये युनिकोडवर (सगळ्या लिप्यांसाठीच्या एकाच संकेतपद्धतीवर) आधारलेली नवी रचना आली, तिची मर्यादा सुरुवातीला २० जीबी ठेवली होती आणि २०१० मध्ये ती ५० जीबी झाली. पण नव्या रचनेलाही नाव पीएसटीच राहिले आणि जुन्या फायली आपोआप बदलल्या गेल्या नाहीत. जुनी फाईल नव्या आउटलुकमध्ये बिनतक्रार उघडते, चालते, आणि आतून मात्र जुनीच राहते.

सुसंगततेसाठी तसे करावे लागले, असे समर्थन केले जाते. जुन्या आवृत्त्यांना नवी फाईल वाचता येत नव्हती, हे खरेच आहे. तरी पहिल्यांदा उघडतानाच ‘ही फाईल जुन्या रचनेची आहे’ असे ठळकपणे सांगायला काय अडचण होती? ती माहिती फाईलच्या प्रॉपर्टीजमध्ये, ‘९७-२००२’ एवढ्याशा उल्लेखात दडलेली आहे. नवा, प्रशस्त डिस्कचा संगणक घेऊनही माणूस २ जीबीपाशीच अडतो. उपाय सोपा आहे: नवी रिकामी पीएसटी बनवायची आणि जुन्या फाईलमधले फोल्डर तिच्यात हलवायचे.

मराठीला या निर्णयाची झळ वेगळी बसली. जुनी रचना मजकुराचे तपशील विंडोजच्या कोडपेजमध्ये, म्हणजे ठरावीक लिप्यांपुरत्या अक्षरतक्त्यात, साठवते आणि देवनागरीसाठी तसे कोडपेजच नाही. म्हणून जुन्या फाईलमध्ये आलेल्या युनिकोड मराठी मेलचे विषय आणि पाठवणाऱ्यांची नावे प्रश्नचिन्हे होऊन बसली. ती फाईल नंतर नव्या रचनेत हलवली तरी अक्षरे परत येत नाहीत, कारण प्रश्नचिन्हेच साठवली गेलेली असतात. सुरुवातीला हे फारसे जाणवले नाही, कारण मराठी मेल तेव्हा बहुधा रोमन लिपीत किंवा खास फॉन्टमध्ये लिहिले जात.

२०१० मध्येच पीएसटीच्या रचनेचा तपशील जाहीर झाला आणि इतर प्रोग्रामांना ती अधिकृत माहितीच्या आधारे वाचता येऊ लागली. ओएसटी या आउटलुकच्या दुसऱ्या प्रकारच्या फाईलचे तसे नाही. ती सर्व्हरवरच्या पेटीची प्रत असते, त्या संगणकावरच्या प्रोफाइलशी बांधलेली, आणि नुसती कॉपी करून दुसरीकडे उघडत नाही. आउटलुक २०१३ पासून आयमॅप खात्यांनाही (ज्यांत मेल सर्व्हरवरच राहतो) पीएसटीऐवजी ओएसटीच मिळू लागली. विंडोजसाठीचे नवे आउटलुक आले तेव्हा तर त्यात पीएसटी उघडण्याची सोयच नव्हती. ती नंतर टप्प्याटप्प्याने येऊ लागली. जुना साठा हलवायचा असेल तर क्लासिक, म्हणजे आधीचे, आउटलुक असलेला संगणक अजून हाताशी ठेवावा लागतो.