बक्षीसपत्र केलं म्हणजे हात कापून दिले?

"एकदा घर-जमीन पोराच्या नावावर केली की संपलं," हे तासगाव-मिरजेकडे पारावर अजूनही ठामपणे सांगितलं जातं. ते अर्धवट आहे. ज्येष्ठ नागरिक कायदा २००७, कलम २३: सांभाळण्याच्या अटीवर घर-जमीन दिली आणि पुढे सांभाळलं नाही, तर ते हस्तांतरण रद्द करून घेता येतं. अर्ज प्रांत (उपविभागीय अधिकारी) कार्यालयात करायचा.

पण ती अट हवी. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हेच सांगितलं. बक्षीसपत्राच्या नेहमीच्या मसुद्यात नुसतं 'प्रेमापोटी बक्षीस' असतं. सही करण्याआधी 'आमचं राहणं, जेवणखाण, औषधपाणी पाहील' ही ओळ घालायला लावाच. कृपा करून लाजू नका. आणि निर्वाहखर्च? तो जमीन दिली नसली तरी मागता येतो, लग्न झालेल्या लेकीकडेसुद्धा.