टी४८०चं पोट उघडताना

कंपन्यांनी तीन-चार वर्षं वापरून काढलेले लॅपटॉप मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात ढिगाने येतात. त्यात लेनोवोचा थिंकपॅड टी४८० लोक आजही नाव घेऊन मागतात. २०१८ मध्ये आलेलं हे मशीन ‘स्लो झालंय’ म्हणून विकलं जातं, पण त्यातला प्रोसेसर सहसा ठणठणीत असतो. थकलेल्या असतात त्या फिरणाऱ्या, तापणाऱ्या आणि रासायनिक क्रियेवर चालणाऱ्या वस्तू: डिस्क, थर्मल पेस्ट, बॅटरी. त्या तिन्ही बदलता येतात, आणि टी४८०मध्ये सोल्डरिंग न करता.

घेतानाच दोन गोष्टी पाहाव्यात. टी४७० आणि टी४८० दिसायला जवळजवळ जुळे. प्रोसेसरच्या नावात ‘आय५’नंतरचा आकडा ८ने सुरू झाला पाहिजे (उदाहरणार्थ ८२५०यू). विंडोज १०चा नियमित आधार, म्हणजे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि विंडोज ११ सातव्या पिढीचे (७ने सुरू होणारे) प्रोसेसर, एखाददुसरा अपवाद सोडला तर, स्वीकारत नाही. दुसरं, सुरू होताना एफ१ दाबून बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, शिरावं. तिथे सुपरवायझर पासवर्ड मागितला तर मशीन ठेवून द्यावं. आधीच्या कंपनीने घातलेला हा पासवर्ड आतला नाण्यासारखा सेल काढूनही जात नाही, कारण तो वीज नसतानाही माहिती धरून ठेवणाऱ्या वेगळ्या चिपमध्ये असतो.

पुढचं कामही बायॉसमधलंच. ‘कॉन्फिग’मध्ये ‘पॉवर’, आणि त्यात ‘डिसेबल बिल्ट-इन बॅटरी’. टी४८०ला दोन बॅटऱ्या असतात. मागची हाताने निघते, २४ वॉट-तासांची दुसरी आतच असते. हा पर्याय न निवडता आत हात घातला तर बोर्डावर वीज खेळत असते आणि तो जळायला निसटलेला एक स्क्रू पुरेसा होतो. बॅटरी बंद केली, चार्जर काढला, मागची बॅटरी काढली, की तळाचे सहा स्क्रू सैल करावेत. ते झाकणातच अडकून राहतात, त्यामुळे पूर्ण बाहेर काढायच्या फंदात पडू नये. मग प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने कडेकडेने खटके सोडवायचे. लोखंडी स्क्रूड्रायव्हर खुपसला की खटके तुटतात आणि झाकण कायमचं खुळखुळतं.

आधी डिस्क. ५४०० आरपीएमची (मिनिटाला ५४०० फेऱ्यांची) हार्ड डिस्क एका फेरीला ११.१ मिलिसेकंद घेते. हवी ती जागा वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद, शिवाय डोकं योग्य पट्टीवर न्यायला आणखी तितकाच किंवा जास्त वेळ. म्हणजे विखुरलेल्या फायली वाचताना सेकंदाला साठ-सत्तर उड्या, बस. विंडोज सुरू होताना अशा हजारो उड्या लागतात. एसएसडीत, म्हणजे चिपवर माहिती ठेवणाऱ्या डिस्कमध्ये, काहीच फिरत नाही, एक वाचन साधारण ०.१ मिलिसेकंदात होतं. हार्ड डिस्कच्या जागी ७ मिमी जाडीची २.५ इंची साटा (जुन्या जोडणीची) एसएसडी सरळ बसते. एनव्हीएमई (जास्त वेगाची एसएसडी) हवी असेल तर तिचा वेगळा ट्रे आणि केबल लागते, ती आधी मिळवावी. त्या जागेला पीसीआयई या डेटा वाहणाऱ्या जोडणीच्या, तिसऱ्या पिढीच्या दोनच लेन आहेत, म्हणजे सेकंदाला कमाल २ जीबीच्या आत. सेकंदाला ७००० एमबी वाचणारी महागडी एसएसडी इथे घालणं म्हणजे बोळात ट्रक घालणं.

रॅमला दोन खाचा आहेत, डीडीआर४, २४०० वेगाच्या. बऱ्याच मशीनमध्ये ८ जीबीची एकच पट्टी असते. दुसरी ८ जीबी घातली की क्षमता तर वाढतेच, पण रस्ताही दुहेरी होतो: सेकंदाला १९.२ऐवजी ३८.४ जीबी. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनमध्ये पडद्याचं कामही याच रॅमवर चालतं, त्यामुळे फरक डोळ्यांना दिसतो.

आता पेस्ट, आणि इथेच लोक घाई करतात. हवेची उष्णतावाहकता ०.०२६, तांब्याची ४००च्या घरात. चिप आणि हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा तांब्याचा भाग) यांच्यात केसाएवढी फट राहिली तरी ती हवा रजईचं काम करते. पेस्ट ती फट भरते. पण रोज तापून-निवून दोन्ही पृष्ठभाग प्रसरतात, आकुंचतात आणि पेस्ट हळूहळू कडांकडे ढकलली जाते, उरलेली सुकते. मग १०० अंशांना टेकण्याआधीच प्रोसेसर स्वतःचा वेग कापतो. ३.४ गिगाहर्ट्झपर्यंत जाऊ शकणारा १.६वर येऊन बसतो, आणि माणूस म्हणतो, जुना झाला.

फॅन आणि हीटसिंक एकत्रच निघतात. आधी फॅनची केबल काढावी. हीटसिंकच्या स्क्रूंवर आकडे छापलेले असतात. आवळताना त्या क्रमाने, काढताना उलट क्रमाने, थोडं थोडं. एकच कोपरा आधी आवळला तर उघड्या सिलिकॉनची कड टवका होऊन उडू शकते. खाली दोन चकचकीत आयत दिसतील. त्यातला मोठा प्रोसेसर, पेस्ट त्याच्यावरच. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने, लिंट न सुटणाऱ्या कापडाने पुसायची. नवी तांदळाच्या दाण्याएवढी पुरते.

फॅन बाहेर आहे तोवर त्याच्या आणि तांब्याच्या पात्यांच्या मधे बघा. धुळीची नमद्यासारखी घडी बसलेली असते. बाहेरून ब्लोअर मारणारे ती घडी आणखी आत दाबतात. ती चिमट्याने उचलायची, मग हवा मारायची, आणि तेव्हा फॅनचं पातं बोटाने धरायचं. नाहीतर ते मर्यादेबाहेर फिरून बेअरिंग खराब होतं.

बॅटरी लवकर म्हातारी होते ती मुख्यतः दोन गोष्टींनी: उष्णता आणि पूर्ण भरलेली अवस्था. लिथियम-आयन सेल ४.२ व्होल्टच्या आसपास दिवसेंदिवस बसून राहिला की आतल्या द्रवाचं विघटन वेगाने होतं. दिवसभर चार्जरवर राहणाऱ्या मशीनला लेनोवो व्हँटेज या कंपनीच्याच ॲपमध्ये चार्जिंग ७५ टक्क्यांना सुरू, ८०ला बंद अशी मर्यादा घालावी. नवी बॅटरी घेतल्यावर विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढून मूळ क्षमता आणि सध्याची पूर्ण चार्ज क्षमता शेजारी शेजारी ताडून पाहावी. नकली बॅटरीची पोल बरेचदा तिथेच उघडते. टचपॅड वर उचललेलं दिसलं तर आतली बॅटरी फुगलेली असू शकते. ती दाबू नये, टोचू नये, सरळ ई-कचरा संकलनात द्यावी.

आणि एक काम स्क्रूड्रायव्हर न उचलता करायचं, मशीन हाती येताच. २०१७ ते २०१९च्या अनेक थिंकपॅडप्रमाणे टी४८०च्याही थंडरबोल्ट कंट्रोलरच्या (यूएसबी-सी पोर्ट सांभाळणाऱ्या चिपच्या) फर्मवेअरमध्ये, म्हणजे तिच्या आतल्या मूळ प्रोग्राममध्ये, दोष होता. चालू वापरात त्याची मेमरी चिप बिघडत जाते, आणि एक दिवस यूएसबी-सीवरून चार्जिंग किंवा डॉक (एका केबलने पडदा, कीबोर्ड वगैरे जोडणारा डबा) बंद पडतो, कधी एचडीएमआयही. लेनोवोने दुरुस्त फर्मवेअर दिलं आहे, पण ते दोष दिसण्याआधी टाकायचं असतं. बिघाड झाल्यावर अनेकदा ती छोटी चिप प्रोग्रामरने नव्याने लिहून पोर्ट परत येतो. तेव्हा कारागिराने थेट मदरबोर्ड बदलायचं सांगितलं, तर आधी थंडरबोल्टची चिप फ्लॅश करून पाहिली का, एवढं विचारावं.