नैराश्यातली गोळी आणि ओसीडीतली गोळी

"सर्ट्रालिन घेऊन महिना झाला, काही फरक नाही. मला गोळ्या लागूच पडत नाहीत." ओसीडी म्हणजे नकोशा शंका किंवा विचार सतत येत राहणं आणि ते शमवायला तीच कृती पुन्हापुन्हा करावी लागणं. हा आजार असलेल्या माणसांकडून हे इतक्यांदा ऐकलंय की आता चीड येते. त्यांची नाही, गोळी हातात देताना या आजाराचा हिशेब वेगळा आहे, हे त्यांना कुणी सांगत नाही याची.

नैराश्यातल्या एसएसआरआय, म्हणजे मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करणाऱ्या गोळ्या बहुतेकांना माहीत असतात. रोज एक गोळी, पहिले काही दिवस मळमळ, कामेच्छा कमी होण्याची शक्यता, आणि दोन-चार आठवड्यांत मन थोडं हलकं वाटू लागणं. ओसीडीतही औषधं हीच असतात: फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुवोक्सामिन, पॅरोक्सेटिन, एस्सिटालोप्राम. दुष्परिणामही साधारण तेच, त्यामुळे त्यावर जास्त लिहीत नाही.

सगळा घोळ होतो तो मात्रेत आणि मुदतीत. फ्लुओक्सेटिनच्या 20 मिलिग्रॅमवर नैराश्याच्या बऱ्याच रुग्णांना गुण येतो. ओसीडीत तेच औषध अनेकदा 40 ते 60 पर्यंत, कधी 80 पर्यंतही न्यावं लागतं. सर्ट्रालिन 50 पासून सुरू करून 200 पर्यंत जातं. नैराश्यात मात्रा चढवत गेल्याने फायदा फारसा वाढत नाही; ओसीडीत मात्र सरासरीने वाढतो, हे अनेक चाचण्यांचे आकडे एकत्र केल्यावर दिसलं आहे. म्हणून मात्रा वाढवली की घरच्यांनी "आजार बळावला वाटतं" म्हणून धास्तावायचं कारण नाही. या आजाराची नेहमीची मात्राच तेवढी असते.

मुदतीचंही तसंच. औषध चाललं की नाही, हे ठरवायला 8 ते 12 आठवडे द्यायचे, आणि त्यातले 4 ते 6 आठवडे तरी सोसेल तेवढ्या मोठ्या मात्रेवर जायला हवेत. 50 मिलिग्रॅमवर महिनाभर राहून सर्ट्रालिन सोडलं, तर ते निकामी ठरलं असं म्हणता येत नाही. ते नीट वापरून पाहिलेलंच नसतं. अशी दोन-तीन औषधं अर्धवट सोडलेला माणूस स्वतःला असाध्य समजू लागतो, तेव्हा फार वाईट वाटतं. मात्रा वाढवायची ती मनोविकारतज्ज्ञानेच, स्वतःच्या मनाने अजिबात नाही. एस्सिटालोप्रामची मोठी मात्रा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करू शकते, त्यामुळे तिथे विशेष जपावं लागतं.

गुण येणं म्हणजे काय, यातही फरक आहे. ओसीडीची तीव्रता वाय-बॉक्स नावाच्या 0 ते 40 गुणांच्या मापनपट्टीवर मोजतात. 28 वरून 18 वर आलेला रुग्ण औषधाला चांगला प्रतिसाद देणारा मानला जातो, पण 18 म्हणजे अजूनही मध्यम तीव्रतेचा आजार. प्रत्यक्षात ते असं दिसतं: कुलूप लावून माणूस जिन्यापर्यंत येतो, "नीट लागलं ना?" ही शंका येतेच, पण आठ वेळा मागे फिरणारा आता दोनदा फिरतो. शंका समूळ गेली नाही म्हणून गोळी वाया गेली असं धरू नका. त्या उरलेल्या दोन खेपांसाठी एक्सपोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन ही उपचारपद्धती आहे: शंका येऊ द्यायची, मागे मात्र फिरायचं नाही. माझं ठाम मत आहे की ही थेरपी जिथे मिळते तिथे नुसत्या गोळीवर थांबू नये.

"डिप्रेशनची कुठलीही गोळी चालेल" हाही गैरसमजच. ब्युप्रोपिऑन नैराश्यावर चालतं, पण ओसीडीवर त्याचा भरवसा नाही. उलट क्लोमिप्रामिन हे जुनं औषध ओसीडीत आजही मोलाचं आहे. अमेरिकेत 1989 साली ओसीडीसाठी मान्यता मिळालेलं ते पहिलं औषध. तोंड कोरडं पडणं, बद्धकोष्ठता, हृदयावरचा परिणाम यांमुळे ते सहसा एसएसआरआयनंतर वापरतात. आणि अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम या चिंता शमवणाऱ्या गोळ्या हा ओसीडीचा उपचार नव्हे. त्याने तासाभरात धडधड कमी होते, आजार जिथल्या तिथे राहतो आणि सवय लागते ती वेगळीच. एसएसआरआयची तशी नशा किंवा ओढ लागत नाही, पण ती एकदम तोडली तर चक्कर, चिडचिड, झोपमोड होऊ शकते.

बरं वाटल्यावर नैराश्याच्या पहिल्या खेपेत साधारण सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवतात. ओसीडीत निदान एक ते दोन वर्षं, आणि मग कमी करायची तीही टप्प्याटप्प्याने, काही महिने घेऊन. मधल्या एखाद्या टप्प्यावर मागे फिरणं पुन्हा वाढलं, तर पुढची कपात थांबवून डॉक्टरांना कळवायचं.