चौकोनी स्पिंडल: कोन तोच, फरक जाडीत

जुन्या रोड सायकली जुळवणाऱ्यांत एक समज घट्ट बसलाय: इटालियन कंपनी कॅम्पाग्नोलोचा क्रँक (पेडलचा दांडा) जपानी स्पिंडलवर (क्रँक ज्यावर बसतो तो चौकोनी टोकांचा आस) चढवू नये, दोन्हींच्या उताराचा, म्हणजे टोकाकडे निमुळतं होण्याचा, कोन वेगळा. नवख्यांना घाबरवायला ठीक, पण खरं नाही. आयएसओ (कॅम्पाग्नोलोचं आंतरराष्ट्रीय मानक) असो वा जेआयएस (जपानी मानक), प्रत्येक बाजूचा उतार २ अंशच. जेआयएसचं टोक जाड, एवढाच फरक. त्यामुळे आयएसओ क्रँक त्यावर सुमारे ४.५ मिमी बाहेर थांबतो नि चेनलाइन (सायकलच्या मध्यापासून पुढच्या दातेरी चकतीचं अंतर) सरकते. त्या हिशेबाने आखूड स्पिंडल घेतली की बहुतेकदा भागतं.

काळजी उलट जोडीची. जेआयएस क्रँक बारीक आयएसओ टोकावर फार आत जातो आणि कधीकधी बोल्ट स्पिंडललाच टेकतो. हाताला घट्ट लागतं, क्रँक मात्र सैल! मग ॲल्युमिनियमचं चौकोनी भोक झिजून क्रँक भंगारात. म्हणून आवळल्यावर बोल्ट काढून बघाच: स्पिंडलचं टोक वॉशरच्या बैठकीपेक्षा आत हवं.