तर्रीखालचा रस्सा

रविवारी सकाळी नाशिकच्या गंगापूर रोडच्या बाजूला मिसळीसाठी नंबर लावून उभं राहिलं, की वेळ जावा म्हणून आपण हॉटेल न्याहाळतो. टाइल्स चकचकीत, गल्ल्यामागे चौदा आकडी परवाना क्रमांक, वेटरच्या डोक्यावर टोपी. झालं, हॉटेल आपल्या परीक्षेत पास! अन्न सुरक्षा अधिकारी भटारखान्यात शिरतो तेव्हा तोही टाइल्स बघतो, मोरी बघतो, कामगारांच्या वार्षिक वैद्यकीय तपासणीचे कागद मागतो. पण माझ्या मते त्याच्या झोळीतली सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे सळईसारखा थर्मामीटर, थेट टोपाच्या मधोमध बुडवायचा.

मिसळीचा पहिला घास जीभ का भाजतो, ते आठवून बघा. चहातून वाफ निघताना दिसते, म्हणून आपण फुंकर घालतो. रश्शातून वाफ निघत नाही, कारण वर तर्री असते. तेलाचा तो थर पाण्याची वाफ होऊ देत नाही आणि वाफेबरोबर जाणारी उष्णता आतच कोंडते. वाटीत हा प्रकार जिभेपुरता. चाळीस लिटरच्या टोपात तो रात्रभर चालतो.

समजा, रात्री अर्धा टोप रस्सा उरला. डिसेंबर आहे, निफाडला पारा पाच-सहा अंशांवर आलाय. मालक म्हणतो, बाहेर ठेवा, फ्रीजची गरज काय? पण उष्णता बाहेर पडते ती पृष्ठभागातून, आणि टोप जितका मोठा तितका आतल्या रश्शाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग कमी. त्यात वर तर्री, तिच्यावर झाकण. कडेला हात लावला तर टोप गार लागतो आणि मधला रस्सा मात्र तासन्‌तास कोमट असतो.

या कोमटपणाची वाट बघणारा एक जिवाणू आहे, क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स. त्याचे बीजाणू, म्हणजे कठीण कवचात झोपी गेलेली त्याची रूपं, मातीत असतात आणि धने-मिऱ्यांबरोबर मसाल्यात येतात. उकळीने इतर जंतू मरतात, पण हे बीजाणू टिकतात, उलट उष्णतेने जागे होतात. या जिवाणूला प्राणवायूचं वावडं. उकळताना रश्शातला प्राणवायू निघून जातो आणि तर्री तो सहजासहजी परत शिरू देत नाही. म्हणजे सोय आपणच करून ठेवतो! ४५ अंशांच्या आसपास हा जिवाणू दहाएक मिनिटांत दुप्पट होतो. एकदा वाढ सुरू झाली आणि सगळं त्याच्या मनासारखं असलं, तर तीन तासांत एकाचे अडीच लाखांहून जास्त.

सकाळी रस्सा खळखळून उकळला तर हे जिवाणू मरतात. पण बाहेर रांग लागलेली असताना कोमट रस्साच वाटीत पडला, तर ते आतड्यात पोहोचतात, तिथे बीजाणू बनवताना विष सोडतात आणि सहा ते चोवीस तासांत पोटात मुरडा येतो. तोवर आपण घरी जेवलेलो असतो, त्यामुळे आळ येतो बिचाऱ्या वांग्याच्या भाजीवर.

‘उकळलं की सगळं मरतं’ ही समजूत भाताच्या बाबतीत तर अगदीच फसवी. चायनीजच्या गाडीवर दुपारी शिजवून ठेवलेल्या भातात बॅसिलस सिरियस हा दुसरा जिवाणू वाढू शकतो. त्याचं उलटी घडवणारं विष १२१ अंशांवर दीड तास ठेवलं तरी टिकतं. घरचा कुकर जेमतेम तिथवर पोहोचतो, मग कढईतल्या दोन मिनिटांच्या परतण्याने काय होणार?

बारची गोष्ट वेगळी. नाशिकची वाइन स्वतःची काळजी घेते. तिच्यातलं आम्ल आणि बारा-तेरा टक्के अल्कोहोल यांत आजार पसरवणारे जंतू सहसा वाढत नाहीत. पण ग्लास पुसायचं ओलं फडकं, सकाळीच चिरून ठेवलेलं लिंबू आणि बर्फ यांची काळजी कोण घेणार? व्हिस्कीने बर्फातले जंतू मरतात असं सांगणारे मित्र सगळ्यांनाच असतात. सोडा घातल्यावर पेल्यात उरतं दहाएक टक्के अल्कोहोल, जंतुनाशकात ते साधारण साठ टक्क्यांच्या पुढे लागतं. खाण्याचा नसलेला बर्फ ओळखू यावा म्हणून २०१८ मध्ये महाराष्ट्रात त्यात निळा रंग घालणं सक्तीचं झालं. पेल्यात निळसर खडा दिसला तर सरळ उठावं.

अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा, अंमल २०११ पासून. त्यात नमुन्याचे चार भाग करतात आणि विश्लेषकाने चौदा दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तोपर्यंत तो टोप कधीच घासून पालथा पडलेला असतो. म्हणून तर थर्मामीटरचं एवढं महत्त्व, तो जागच्या जागी सांगतो. अन्न ६० अंशांच्या वर किंवा ५ च्या खाली हवं. गार करायचं असेल तर ६० वरून २१ वर दोन तासांत आणि तिथून ५ वर पुढच्या चार तासांत आणायचं, अशी मोजपट्टी बऱ्याच देशांत वापरतात.

ओळखीच्या एका हॉटेलमालकाला मी पसरट ट्रे सुचवले. घट्ट पदार्थाच्या थराची जाडी निम्मी केली की तो गार व्हायला लागणारा वेळ साधारण चौथ्या हिश्श्यावर येतो, हेही सांगितलं. ते वैतागले, “अहो, ट्रेमध्ये ओतला तर तर्री मोडेल ना!” त्यांच्या आचाऱ्याने मध्येच पळी उचलली. तर्री आधी डब्यात काढून घ्यायची, खालचा रस्सा ट्रेमध्ये ओतून बर्फाच्या पाण्यात ठेवायचा, गार झाला की फ्रीजमध्ये. सकाळी रस्सा खळखळून उकळायचा, तर्री कडकडीत तापवायची आणि वरून सोडायची.