नेटबॉलमध्ये आधी थांबायला का शिकवतात?

नेटबॉल म्हणजे चेंडू एकमेकींकडं फेकत नेऊन खांबावरच्या कड्यातून घालायचा खेळ, त्यात चेंडू धरून पळायचं नसतं. खो-खोत घडलेली मुलगी या मैदानात उतरली की पहिल्या दहा मिनिटांत तिच्यावर पाचसहा वेळा तरी शिट्टी वाजते. चेंडू हातात आला की ती पळत सुटते. पाय आपोआप चालतात, त्यात तिचा काय दोष! जूनमध्ये शाळा उघडली की नव्या मुलींकडून एक प्रश्न ठरलेला असतो, "सर, बॉल धरून उभंच ऱ्हायचं का मग?" प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर पार १८९१ सालापर्यंत मागं जातं.

त्या वर्षी डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड इथं जेम्स नेस्मिथ या शिक्षकानं थंडीच्या दिवसांत बंद व्यायामशाळेत खेळता येईल असा बास्केटबॉल तयार केला. त्यानं लिहिलेल्या तेरा नियमांत एक स्पष्ट होता : चेंडू घेऊन पळायचं नाही, जिथं झेलला तिथूनच फेकायचा. पळता पळता झेलला तर थांबण्यापुरती सूट. पुढं बास्केटबॉलमध्ये ड्रिबल आलं आणि चेंडू आपटत पळणं हाच त्या खेळाचा जीव झाला. नेटबॉलनं मात्र नेस्मिथचा जुना नियम सोडला नाही. नेटबॉलला 'बायकांचा बास्केटबॉल' म्हणून नाक मुरडणाऱ्यांना मी एवढंच सांगतो, की या बाबतीत मूळ घराण्याची रीत आमच्याकडं आहे.

नेटबॉलचं मैदान तीन भागांत वाटलेलं असतं, त्याची गोष्ट वेगळी. १८९२ मध्ये अमेरिकेतल्या स्मिथ या मुलींच्या कॉलेजात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेनं मुलींसाठी बास्केटबॉल बसवताना मैदानाचे तीन भाग पाडले आणि प्रत्येकीला आपापला भाग नेमून दिला. घोळदार स्कर्ट घातलेल्या मुलींनी फार दमू नये, झटापट करू नये, ही त्या काळची काळजी. न्यू ऑर्लिन्समधल्या शिक्षिका क्लारा बेअर यांच्याबद्दल एक गमतीची हकिकत सांगतात. नेस्मिथच्या आकृतीतल्या तुटक रेषा म्हणजे खेळाडूंनी ओलांडायच्या नाहीत अशा सीमा, असा त्यांचा समज झाला म्हणे.

१८९३ मध्ये बास्केटबॉल लंडनमधल्या मार्टिना बर्गमन-ऑस्टरबर्ग यांच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयात पोचला. मुली तो उघड्यावर, गवतावर खेळू लागल्या. गवतावर चेंडू नीट उसळत नाही, त्यामुळं आपटत पळण्याचा प्रश्नच उरला नाही. १९०१ मध्ये या बदललेल्या खेळाचे, म्हणजे नेटबॉलचे, स्वतंत्र नियम छापले गेले आणि तिथं शिकून बाहेर पडलेल्या शिक्षिकांनी हा खेळ ब्रिटिश साम्राज्यातल्या शाळाशाळांत नेला. तरी देशोदेशीचे नियम वेगळेच राहिले. ते एकसारखे करण्याचं काम १९६० मध्ये कोलंबोत झालं आणि १९६३ मध्ये इंग्लंडमधल्या ईस्टबोर्नला पहिली जागतिक स्पर्धा झाली. ती ऑस्ट्रेलियानं जिंकली. भारतात नेटबॉल महासंघ १९७८ चा. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत यजमान म्हणून आपला संघ उतरला होता.

आमचा मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, ब्रिटिश शाळांच्या वाटेवर नव्हता. इथल्या मुलींचे खेळ म्हणजे लंगडी, खो-खो, पुढं कबड्डी. धाराशिवच्या सारिका काळे यांना २०२० मध्ये खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला, त्यावरून या मातीचा कल कुठं आहे ते कळावं. नेटबॉल आमच्या शाळांत आला तो शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीतून. त्यामागं ग्रेस मार्क आहेत, नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण आहे. शिवाय या खेळात संघ कमी, विभागापर्यंत लवकर जाता येतं, हे शिक्षकांच्या खोलीत उघड बोललं जातं. मला त्यात गैर वाटत नाही. आलेला खेळ नीट शिकवला नाही तर मात्र वाटतं.

मैदान आखायला सोपं. खो-खोचं २७ बाय १६ मीटर, नेटबॉलचं ३०.५ बाय १५.२५. म्हणजे खांब काढून ठेवले आणि दोन्ही टोकांना फक्की थोडी पुढं ओढली, बाजूंना जराशी आत घेतली की झालं. अवघड आहे ते पाय बदलणं. चेंडू हवेत झेलून ज्या पायावर आधी उतरलात, तो तुमचा खुंटा. दुसरा पाय हवा तितका फिरवा. खुंट्याचा पाय उचलता येतो, पण तो परत टेकायच्या आत चेंडू हातातून सुटला पाहिजे. आणि सगळं तीन सेकंदांत.

हे शिकवायला लंगडीसारखं दुसरं साधन नाही, असं मला सुरुवातीला वाटायचं. एका पायावरचा तोल या मुलींना आयताच येतो. पण पहिल्याच आठवड्यात ते माझ्यावर उलटलं. सहावीतली एक मुलगी झकास झेलायची, एका पायावर उतरायची आणि सवयीनं टुणकन पुढची उडी घ्यायची. नेटबॉलमध्ये चेंडू हातात असताना लंगडी घालणं हाही फाऊलच. आता मी लंगडी घालायला लावतो ती बिनचेंडूची. शिट्टी वाजली की त्याच पायावर थिजायचं आणि दुसऱ्या पायानं भोवती वर्तुळ काढायचं. मातीत उमटलेलं वर्तुळ गोल आलं तर पाय हलला नाही, लांबट आलं तर हलला. निकाल मुली स्वतःच लावतात, भांडणंही होतात.

कबड्डीवाल्यांची खोड वेगळी, हात लावायची. इथं अंगाला अंग लावून अडवायचं नाही आणि चेंडू हातात असलेलीपासून ०.९ मीटर लांब राहायचं. मी सुतळीचा तेवढा तुकडा दोघींमध्ये धरायला देतो. सुतळी ढिली पडली की शिट्टी.

गोलाचं गणित आणखी निराळं. कडं ३.०५ मीटर उंचीवर आणि मागं फळी नाही, त्यामुळं बास्केटबॉलसारखं आपटून आत घालता येत नाही, चेंडू वरून उतरावा लागतो. दहा वर्षांच्या पोरीला ही उंची झेपत नाही, मग ती कमरेतून झटका देऊन फेकते आणि ती खोड पुढं जाता जात नाही. इंग्लंडमध्ये लहान मुलांसाठी पाच जणींचा हाय फाइव्ह खेळवायचे. त्यात खांब २.७४ मीटरचा, चेंडू लहान, चार नंबरचा आणि जागा आळीपाळीनं बदलायच्या. ज्या बाहेर बसायच्या त्या गुण आणि वेळ मोजायच्या.

जागा बदलणं मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. आपल्याकडं उंच मुलगी दिसली की तिला जीएसचा, म्हणजे गोल करणारीचा, बिब (जागेची अक्षरं लिहिलेलं जाकीट) चढवतात, आणि दोन वर्षं ती गोलापुढच्या अर्धवर्तुळाबाहेर पास द्यायला शिकत नाही.

आमचे खांब गावातल्या वेल्डरनं केलेत. जुन्या टायरमध्ये सिमेंट ओतून पाईप उभा केला, सळई वाकवून कडं केलं. कड्याला नटबोल्टची पट्टी लावायला सांगितली तेव्हा तो म्हणाला, "वर-खाली कशाला करता सर, एकदाच फिट करून टाकू की." पट्टी लावूनच घेतली. सकाळी सातला पाचवी-सहावीसाठी कडं खाली येतं, आठला मोठ्या मुली पाना घेऊन ते परत वर चढवतात.